नारायण पेठेतलं टेपचं दुकान: साडेचार तारे, अर्धा पार्किंगचा कापला

जुन्या व्हिडिओ आणि ऑडिओ कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून देणारं हे दुकान. पैसे आणि पत्ता आधी सांगते, म्हणजे ज्यांना तेवढंच हवंय त्यांची सुटका होईल. व्हीएचएस कॅसेट तासाला २०० रुपये. ऑडिओ कॅसेट साठ मिनिटांची असो की नव्वदची, नगाला १५०. बुरशी असेल तर साफसफाईचे १०० वेगळे. पेन ड्राइव्ह आपला न्यायचा.

पत्ता: अलका टॉकीजच्या चौकातून लक्ष्मी रोडने पायी निघालात की डाव्या हाताच्या गल्ल्यांमध्ये. नाव लिहीत नाही, कारण "नाव छापू नका, गर्दी मला झेपायची नाही" ही मालकांची अट आहे. पाटीवर अजून 'रेडिओ, टेप, टू-इन-वन दुरुस्ती' असंच रंगवलेलं आहे. पुणेकराला एवढ्या खुणा पुरतात. एवढ्यावर ज्याला सापडत नाही, त्याच्याकडे बहुधा कॅसेटही नसतील.

आमची सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली म्हणून माळा रिकामा करायची वेळ आली. सहकारनगरमधलं इतक्या वर्षांचं घर भाड्याच्या फ्लॅटमध्ये कोंबायचं, म्हणजे प्रत्येक खोकं उघडून त्याची उलटतपासणी घ्यावी लागते. एका खोक्यात माझ्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट निघाली, बाबांच्या अक्षरात नावं घातलेल्या ऑडिओ कॅसेट निघाल्या आणि व्हीसीआरचा रिमोट निघाला. व्हीसीआर नव्हता. तो भंगारात जाऊन जमाना झाला. रिमोट का ठेवला होता, हे विचारायला आता बाबा नाहीत.

मी तंत्रज्ञानाला बिचकणारी बाई नाही, हे आधी स्पष्ट करते. बँकेत लागले तेव्हा आम्ही लेजर हाताने लिहायचो. मग एएलपीएम, म्हणजे लेजरच्या नोंदी करणारी मशीन आली, मग कोअर बँकिंग आलं. मायग्रेशनच्या रात्री ब्रँचमध्ये वडापाववर काढल्या आहेत. यूपीआय घरात सगळ्यांत आधी मी वापरायला लागले. त्यामुळे जुनी वस्तू दिसली की डोळे पुसायचे, असला काही प्रकार नाही. गल्लीच्या तोंडाशी एका पोराने "आजी, गाडी जरा पुढे घ्या" म्हटलं, तेव्हासुद्धा मी निमूट पुढे घेतली. मला म्हातारं वाटायला लागतं ते समजावून सांगावं लागतं तेव्हा.

लेक, वय २२, खोक्याशेजारी मांडी घालून बसली होती. "आई, कॅसेटच्या पाठीला ही खाच कसली? आणि तिच्यावर चिकटपट्टी का?"

मी सांगितलं. तिथे प्लॅस्टिकची एक छोटी पट्टी असते. ती मोडून टाकली की मशीन त्या कॅसेटवर रेकॉर्डिंग करू देत नाही. लग्नाबिग्नाच्या कॅसेटची पट्टी हमखास मोडायची. पुन्हा रेकॉर्ड करायचं मनात आलं, तर त्या खाचेवर चिकटपट्टी लावायची, मशीनला कळत नाही.

"म्हणजे पासवर्ड होता आणि तो तुम्ही चिकटपट्टीने तोडायचात?"

हो, असंच. पण मग रेकॉर्ड करायचंच कशाला, हा पुढचा प्रश्न. कारण कार्यक्रम एकदाच लागायचा. चुकला तर? चुकला. मग? मग काही नाही, दुसऱ्या दिवशी बाकीचे बोलतात ते ऐकायचं. तेवढ्यात तिला रिमोट दिसला आणि मला चॅनेल, अँटेना, सिंहगडावरचा टॉवर असा सगळा दौरा करावा लागला. अँटेनाचं तोंड सिंहगडाकडे करायचं, एकाने गच्चीवर, एकाने खिडकीत, एकाने टीव्हीसमोर. एका प्रश्नाचं उत्तर द्यायला आणखी तीन गोष्टी सांगाव्या लागतात आणि त्या तिन्ही सांगून झाल्या की मूळ प्रश्न काय होता ते दोघींनाही आठवत नाही. ती ऐकते मन लावून, तक्रार तिच्याबद्दल नाही. पण "तुझ्या काळात" म्हणाली की माझं टाळकं सरकतं. हाही माझाच काळ आहे, बाई.

आता दुकान. आठ-दहा फुटांची खोली. एका भिंतीला खालपासून वरपर्यंत मशिनं, समोर लाकडी काउंटर, त्यावर हिरवा रेक्झिन. मालक सत्तरीचे असावेत. मी लग्नाची कॅसेट काउंटरवर ठेवली. त्यांनी उचलली, खिडकीतून आतलं रीळ उजेडाकडे धरून पाहिलं, उलटी केली आणि चिकटपट्टीवर अंगठा फिरवला.

"वरून काय चढवलंय? सिनेमा की मॅच?"

"मॅच."

"शहाण्णव?"

"हो."

"धाकटा भाऊ?"

"हो."

"असतोच एकेक," असं म्हणून त्यांनी पावती फाडली. लेक आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत होती. या दुकानाला मी साडेचार तारे देते त्यातले दोन या अर्ध्या मिनिटाचे आहेत. कितीतरी वर्षांनी कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

कामाबद्दल. आमच्या कॅसेटला बुरशी होती. खिडकीतून रिळाच्या कडेवर पिठासारखी पांढरी भुकटी दिसते, ती. माळा बाहेरच्या भिंतीला लागून, वरून पुण्याचा पावसाळा, आणखी काय होणार. बुरशीची कॅसेट ते थेट मशीनमध्ये घालत नाहीत, कारण ती टेप वाचणाऱ्या हेडवर बसते आणि तिथून पुढच्या गिऱ्हाइकाच्या कॅसेटवर जाते. आधी पाठीमागचे पाच स्क्रू काढून कॅसेट उघडतात आणि अर्धा इंच रुंदीची ती सगळी टेप आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) लावलेल्या मऊ कापडामधून हळूहळू पलीकडच्या रिळावर ओढून घेतात. मगच ती मशीनमध्ये जाते. १०० रुपये या कष्टाचे आहेत, त्यावर घासाघीस करू नका. माझ्यासमोर एकाने केली, त्याची कॅसेट त्यांनी शांतपणे परत पिशवीत घातली.

दुसरं, घाई करता येत नाही. तीन तासांची कॅसेट कॉम्प्युटरमध्ये उतरवायला तीन तासच लागतात, कारण ती चालवूनच उतरवावी लागते. म्हणून दुपारी शटर अर्धं खाली असतं. बाहेरच्यांना वाटतं एक ते चारची वामकुक्षी, पण आत त्या वेळी खरं काम चाललेलं असतं.

व्हिडिओ कसा आला? जसा होता तसा आला, आणि हे मी कौतुकाने म्हणतेय. आपल्याकडच्या व्हिडिओच्या चित्रात दिसणाऱ्या आडव्या ओळी ५७६. आमच्या नव्या टीव्हीत त्या २१६०. त्या भल्या मोठ्या पडद्यावर लग्न लावलं तर सगळे पाहुणे पाण्याखाली बसल्यासारखे दिसतात. मालकांनी आधीच बजावलं होतं, लॅपटॉपवर बघा. चित्राच्या अगदी तळाशी एक फडफडती पट्टी आहे. ती पूर्वीही असायची म्हणे, पण जुन्या टीव्हीत चित्राच्या कडा चौकटीमागे दडायच्या म्हणून दिसायची नाही. "कापून देऊ का?" असं त्यांनी विचारलं, मी नको म्हटलं. पट्टी गेली असती, पण तिच्यासोबत पुढच्या रांगेतली लहान मुलंही गेली असती.

लग्न १९९४ च्या डिसेंबरमधलं. त्या वेळचे व्हिडिओवाले आठवतात ना? एक जण खांद्यावर कॅमेरा घेऊन, दुसरा त्याच्यामागे वायर सोडत आणि तिसऱ्याच्या हातात तो डोळे दिपवणारा दिवा. आमच्या लग्नात एकाही माणसाचे डोळे पूर्ण उघडे नाहीत. त्याहून वाईट म्हणजे मिक्सिंग. अंतरपाट धरल्यापासून पंगत उठेपर्यंत सगळ्यावर सिनेमाची गाणी चढवलेली. मूळ आवाज पार पुसलेला. आत्या विहीणबाईंना काहीतरी चांगलंच झणझणीत बोलतेय, हातवाऱ्यांवरून ते कळतं, पण ऐकू येतं ते सनईवरचं प्रेमगीत. कुणाचं काम होतं ते लिहीत नाही. त्या काळी सगळेच असं करायचे आणि आपणच पैसे मोजून करून घ्यायचो.

शेवटी पाठवणी. मी दाराशी आलेय, मावशी पुढे होते, हात पसरते, आणि फर्रकन मुंग्या, चित्र तिरकं फाटतं आणि बंगळूरचं स्टेडियम. ९ मार्च १९९६, वर्ल्ड कपची क्वार्टर फायनल, भारत-पाकिस्तान. आमिर सोहेल वेंकटेश प्रसादला चौकार मारतो, बॅटने सीमारेषेकडे बोट दाखवल्यासारखं करतो आणि पुढच्याच चेंडूवर दांडी गुल. भारताने २८७ केल्या होत्या, ३९ धावांनी जिंकलो. थोडक्यात, माझी पाठवणी पुसली गेली आणि सोहेलची राहिली.

या मॅचने लेकीला मात्र भलताच धक्का दिला. मैदानभर विल्सच्या पाट्या. "आई, सिगारेटच्या नावाचा वर्ल्ड कप?" होय बाई, विल्स वर्ल्ड कपच होता तो, तिकडे आम्ही कुणी लक्षसुद्धा दिलं नव्हतं. तंबाखूच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा २००३ मध्ये आला. हे सांगतानाही मला म्हातारं वाटलंच, पण जरा वेगळ्या तऱ्हेने. इतकी वर्षं डोळ्यांसमोर असलेली गोष्ट एका बावीस वर्षांच्या मुलीने दाखवावी लागते.

पण या दुकानाची खरी करामत ऑडिओमध्ये आहे.

आमचे काका मस्कतला होते. फोन महाग, पत्राला वेळ लागायचा, आणि आजीला लिहिता यायचं नाही. म्हणून घरी टू-इन-वनवर कॅसेट भरायची आणि तिकडे जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती पाठवायची. बाबा बोलायचे, आई बोलायची, आम्ही पाढे आणि कविता म्हणायचो, मग आजी. काका परत आले तेव्हा त्या सगळ्या कॅसेट घेऊन आले, त्याच या.

कॅसेट लावली तेव्हा आवाज घोंगडीखालून आल्यासारखा. मला वाटलं, संपलं, टेप गेली. मालकांनी डेकचं झाकण काढलं. हेडच्या शेजारी एक बारीकसा स्क्रू असतो, त्याला त्यांनी स्क्रूड्रायव्हर लावला आणि कान स्पीकरकडे करून तो अगदी केसभर फिरवला. थोडा डावीकडे, थोडा परत. आणि बाबांच्या तोंडचा 'स' उघडला. आधी 'नमश्कार'सारखं काहीतरी ऐकू येत होतं, तिथे स्वच्छ 'नमस्कार' आला. मागे कुठेतरी भांडं वाजलं तेही आलं.

भानगड अशी की आमच्या घरच्या टू-इन-वनचं हेड किंचित वाकडं असणार. वाकड्या हेडने भरलेली टेप सरळ हेडवर वाजवली की बारीक, टोकदार आवाज मरतात. म्हणून हे गृहस्थ आपलं चांगलं डेक प्रत्येक कॅसेटसाठी तिच्या मूळ मशीनइतकंच वाकडं करून घेतात. आमचं टू-इन-वन कधीच मोडीत निघालं, पण त्याचा वाकडेपणा त्या टेपवर राहिला होता आणि यांनी तो कानाने शोधून काढला.

मग आजी. आजीला कॅसेट हा प्रकार कधी पूर्ण पटलाच नाही. ती काकांना विचारते, "जेवलास का?" आणि थांबते. उत्तराची वाट बघते. टेपवर तेवढा वेळ नुसतं घर ऐकू येतं: कुकरची शिट्टी, खाली सायकलची घंटा. मग स्वतःशीच "जेवला असेल" म्हणून पुढे जाते. "पाऊस आहे का तिकडे?" पुन्हा थांबते. मस्कतला.

आणि एक गंमत. "जेवलास का" ऐकू येण्याच्या दीड-दोन सेकंद आधी तेच शब्द अगदी पुसट ऐकू येतात. मी दचकले. मालक म्हणाले, घाबरू नका ताई, टेप वर्षानुवर्षं गुंडाळून पडली की एका वेढ्याचं चुंबकत्व शेजारच्या वेढ्यात थोडं उतरतं, म्हणून पुढचं बोलणं आधीच पुसट वाजतं. काढता येईल का, असं मी विचारलं नाही आणि त्यांनीही सुचवलं नाही.

इथे एक तुलना करणं भाग आहे. याच संचातली एक कॅसेट मी आधी घरून नेणाऱ्या, घरपोच आणून देणाऱ्या एका कंपनीला दिली होती. ॲप छान, ट्रॅकिंग छान, डबा छान. परत आलेल्या फाइलमध्ये खरखर नाही, शिट्टी नाही आणि आजीचं थांबणंही नाही. 'अनावश्यक शांतता' आपोआप कापली जाते म्हणे. "जेवलास का पाऊस आहे का तब्येत बरी आहे का" असं आजी एका दमात बोलते, बँकेच्या कस्टमर केअरवरच्या रेकॉर्डेड बाईसारखी. तक्रार केली तर उत्तर आलं की गुणवत्ता सुधारून दिली आहे. नशीब, मूळ कॅसेट परत आली होती. ती आता या दुकानातून नीट करून घेतली.

बाजारातून विकत घेतलेल्या कॅसेट हे करून देत नाहीत. बाबांच्या खोक्यात कर्वे रोडवरच्या अलूरकर म्युझिक हाउसमधून आणलेल्या पुष्कळ होत्या, त्या त्यांनी बाजूला काढल्या. "हे फोनवर मिळतं, यात माझा आणि तुमचा वेळ घालवू नका." सिनेमे जपायला लॉ कॉलेज रोडवर १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, गाणी कंपन्या जपतात. आमच्या आजीचं "जेवलास का" कोण जपणार, म्हणून हे दुकान. हे मी म्हणतेय हं, ते असलं काही बोलत नाहीत. ते फक्त "पुढची द्या" म्हणतात.

मशिनं किती दिवस पुरतील? तीन व्हीसीआर आहेत. एक चालतो, दोन त्याला सुटे भाग पुरवतात. दोन्ही जुन्या बाजारातून उचललेले. बेल्ट अजून तपकीर गल्लीत हिंडलं की मिळतात, हेड मिळत नाही. नवीन व्हीसीआर बनवणारी शेवटची जपानी कंपनी, फुनाई, तिने २०१६ मध्ये काम थांबवलं. म्हणजे जे आहे ते झिजेपर्यंत. तुमच्या माळ्यावर काही असेल तर "बघू दिवाळीनंतर" म्हणू नका. दोन महिन्यांनी गेलात तर कॅसेट तशीच असेल, मशीन असेलच असं नाही.

आता उणं. फाइलींना नावं देत नाहीत, पेन ड्राइव्हवर '१', '२', '२अ' असं येतं. आपलं आपण ऐकून ठरवायचं. व्हॉट्सॲप बघत नाहीत, फोन एकदा वाजून गेला की गेला. सांगितलेल्या तारखेला काम होईलच असं नाही, पण विचारायला गेलात तर ते तुमच्याकडे असं बघतात की उशीर तुम्हीच केलाय. बसायला एकच स्टूल, त्यावर बहुतेक वेळा कुणाचा तरी रेडिओ बसलेला असतो. पार्किंगबद्दल काय लिहू. गाडी घरी ठेवा, रिक्षाने किंवा पीएमपीच्या बसने या.

भावाला सोहेलची क्लिप घरच्या ग्रुपवर टाकली. नव्या मुंबईतून त्याचा लगेच फोन: पूर्ण मॅच आहे का, मूळ कॅसेट मला दे. तिच्यावर आधी काय होतं, याची त्याला आठवणसुद्धा नाही. कॅसेट माझ्या कपाटात आहे, खाचेवरची चिकटपट्टी मी काढून टाकली आहे.

हो, एक राहिलं. गणपतीच्या दहा दिवसांत जाऊ नका. त्या दिवसांत नारायण पेठेत गाडी सोडाच, माणूस शिरत नाही. आणि तो स्क्रू कानाने लावायचा असल्यामुळे बाहेर ढोल सुरू असेपर्यंत ते ऑडिओचं काम हातात घेत नाहीत. व्हिडिओ घेतात.